ठरवलेले काम ऐनवेळी कोलमडले तर: नव्याने नोकरीस लागलेल्यांसाठी क्रमवार मार्गदर्शन

नोकरीच्या सुरुवातीच्या काळात आपल्याला काम जमेल की नाही, ही धास्ती बहुतेकांना असते. प्रत्यक्षात मात्र नवख्या माणसाला अधिक हादरवणारा प्रसंग वेगळाच असतो. काम जमत असते, वेळापत्रक आखलेले असते, तयारीही पुरी होत आलेली असते आणि नेमके शेवटच्या टप्प्यात काहीतरी बिनसते. ज्याच्याकडून माहिती यायची तो सहकारी आजारी पडतो, ग्राहक आदल्या संध्याकाळी मागणी बदलतो, संगणकावरची फाइल उघडत नाही, किंवा परवाची बैठक वरिष्ठ आजच घ्यायची ठरवतात. अशा वेळी अनुभवी सहकारी शांत दिसतात आणि तो त्यांचा स्वभावच असावा, असे नवख्याला वाटते. माझ्या मते त्यात स्वभावाचा वाटा थोडा आणि सवयीचा वाटा फार मोठा असतो. आधी काय करायचे, मग काय करायचे आणि कोणत्या गोष्टीला त्या क्षणी हातही लावायचा नाही, हा क्रम त्यांच्या अंगवळणी पडलेला असतो. हा क्रम कोणालाही शिकता येतो.

समजायला सोपे जावे म्हणून शेवटपर्यंत एकच उदाहरण घेऊ. दुपारी चार वाजताच्या बैठकीसाठी तुम्हाला तिमाही विक्रीचा अहवाल सादर करायचा आहे. साडेअकरा वाजता तुमच्या लक्षात येते की, एका विभागाकडून आलेले आकडे मागच्या तिमाहीचे आहेत आणि ते आकडे सांभाळणारी व्यक्ती आज रजेवर आहे.

पहिली पायरी: आधी श्वास, मग काम

चूक लक्षात येताच छाती धडधडू लागते, तळहातांना घाम येतो, श्वास वरवरचा होतो आणि एकच विचार डोक्यात घिरट्या घालू लागतो. ही कमकुवतपणाची खूण मुळीच नाही. अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दाखवून दिले की, धोका जाणवताच शरीर लढण्याच्या किंवा पळण्याच्या तयारीला लागते. ॲड्रेनलिन रक्तात मिसळते, हृदयाची गती वाढते आणि स्नायूंना जादा रक्त मिळते. ही तयारी अंगावर धावून आलेल्या संकटासाठी उपयोगी आहे. चुकीचे आकडे दुरुस्त करायला मात्र तिचा फारसा उपयोग होत नाही, कारण या अवस्थेत लक्ष एकाच गोष्टीवर खिळते आणि बाजूचे पर्याय दिसेनासे होतात.

म्हणून पहिली दोन-तीन मिनिटे कोणताही निर्णय घेऊ नका. कीबोर्डवरून हात काढा. कोणाला संदेश पाठवू नका, कोणती फाइल पुसू नका, कोणाला रागाने फोन लावू नका. नाकाने श्वास घ्या आणि तो घ्यायला जितका वेळ लागला त्याहून अधिक वेळ घेऊन सावकाश सोडा. असे आठ-दहा वेळा करा. श्वास सोडताना हृदयाची गती स्वाभाविकपणे किंचित मंदावते, म्हणून उच्छ्वास लांबवण्यावर भर द्यायचा. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रोज पाच मिनिटे असा दीर्घ उच्छ्वासाचा सराव करणाऱ्यांची मनःस्थिती महिन्याभरात लक्षणीय सुधारलेली आढळली. एखाद्या प्रसंगी केलेल्या आठ-दहा श्वासांकडून तेवढी अपेक्षा ठेवू नये. पण पुढची पायरी नीट टाकण्याइतके भान त्यांनी नक्की येते.

याच वेळात मनातल्या भावनेला नाव द्या. ‘मला भीती वाटते आहे, कारण बैठकीत माझी चूक सर्वांसमोर येईल,’ असे एक वाक्य मनातल्या मनात म्हणा किंवा कागदावर उतरवा. मॅथ्यू लीबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली मेंदूच्या प्रतिमांच्या आधारे दाखवले की, भावना शब्दांत मांडली असता भीतीशी निगडित असलेल्या अमिग्डाला या भागातील हालचाल कमी होते. याउलट, काही झालेच नाही असा चेहरा करून भावना दाबून ठेवली, तर बाहेरून शांत दिसता येते, पण आतला ताण जागच्या जागी राहतो. तेव्हा शांत दिसण्याची धडपड सोडा आणि घाबरलो आहोत हे स्वतःशी मान्य करा.

दुसरी पायरी: नेमके काय बिघडले, ते लिहून काढा

घाबरलेले मन अतिशयोक्ती करते. ‘एका विभागाचे आकडे जुने आहेत’ या वस्तुस्थितीचे बघता बघता ‘अहवाल वाया गेला’ होते, मग ‘माझ्यावरचा विश्वास उडणार’ होते आणि शेवटी ‘मी या कामाच्या लायकीचाच नाही’ इथवर मजल जाते. ही घसरण डोक्यातल्या डोक्यात थांबवणे अवघड असते. कागदावर ती बरीच सोपी होते. एक कोरा कागद घ्या आणि त्यावर तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहा: मला निश्चित काय ठाऊक आहे, मी काय गृहीत धरतो आहे आणि मला कोणाला काय विचारायचे आहे.

आपल्या उदाहरणात निश्चित ठाऊक असलेली गोष्ट एवढीच की, एका विभागाचे आकडे मागच्या तिमाहीचे आहेत आणि बाकीच्या विभागांचे आकडे तुम्ही तपासलेले आहेत. नवे आकडे तयारच झालेले नाहीत, हे तुमचे गृहीत आहे. कदाचित ते तयार असतील आणि चुकून जुनी फाइल पाठवली गेली असेल. रजेवरच्या व्यक्तीवाचून ते कोणालाच मिळणार नाहीत, हेही गृहीतच. आता विचारायचे प्रश्न आपोआप पुढे येतात: त्या विभागात आज दुसरे कोण आहे, ही माहिती आणखी कोणत्या यंत्रणेत नोंदवली जाते आणि बैठकीत नेमक्या याच विभागाबद्दल निर्णय व्हायचा आहे का. पाच मिनिटांपूर्वी जिथे एक अवाढव्य आपत्ती दिसत होती, तिथे आता उत्तरे शोधता येतील असे तीन प्रश्न उरतात.

या टप्प्यावर आणखी एक काळजी घ्यायची असते. अपोलो १३ या अमेरिकी अवकाशयानातील प्राणवायूच्या टाकीचा १३ एप्रिल १९७० रोजी, पृथ्वीपासून सुमारे ३ लाख २० हजार किलोमीटर अंतरावर स्फोट झाला, तेव्हा जमिनीवरील नियंत्रण कक्षाचे प्रमुख जीन क्रान्झ यांनी आपल्या सहकाऱ्यांना प्रश्न सोडवण्यास सांगतानाच, अंदाजाने काही करून परिस्थिती अधिक बिघडवू नका, असेही बजावले होते. नवख्या कर्मचाऱ्याने ही सूचना मनावर कोरून ठेवावी. घाईघाईत जुन्या आकड्यांत अंदाजे वाढ करून रकाने भरणे, मूळ फाइलची प्रत न ठेवता तिच्यातच फेरफार करणे, किंवा चुकीचा मसुदा आधीच ज्यांना गेला आहे त्यांना तो वापरू देणे, यामुळे एका चुकीच्या चार चुका होतात. म्हणून दुरुस्ती सुरू करण्यापूर्वी मूळ फाइल वेगळी जपून ठेवा आणि मसुदा कोणाकडे गेला असल्यास तो वापरू नये, एवढे त्यांना कळवून टाका.

तिसरी पायरी: वेळेत कळवा

सर्वांत अधिक टाळाटाळ याच पायरीवर होते आणि सर्वांत अधिक नुकसानही इथेच होते, म्हणून तिच्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो.

आपणच गुपचूप दुरुस्त करू आणि कोणाला कळूही देणार नाही, असा विचार मनात येणे स्वाभाविक आहे. त्यामागे लाज असते, वरिष्ठांचा धाक असतो आणि कधी कधी प्रामाणिक जबाबदारीची भावनाही असते. पण वेळेचा हिशेब मांडून पाहा. बारा वाजता तुमच्या वरिष्ठांना ही अडचण कळली, तर त्या विभागप्रमुखांना त्या स्वतः फोन करू शकतात, बैठकीतील विषयांचा क्रम बदलू शकतात, त्या विभागाची चर्चा दुसऱ्या दिवसावर टाकू शकतात किंवा मदतीला आणखी एक माणूस देऊ शकतात. तीच गोष्ट पावणेचार वाजता कळली, तर त्यांच्या हाती दिलगिरी व्यक्त करण्यापलीकडे काहीच राहत नाही. अडचण दोन्ही वेळी तेवढीच असते. मधल्या वेळात त्यांचे पर्याय तुम्ही खर्च करून टाकलेले असतात. ऐनवेळी कळलेल्या गोष्टीबद्दल वरिष्ठ रागावतात तेव्हा तो राग बहुतेक वेळा चुकीपेक्षा या उशिराबद्दल असतो. म्हणून अडचण लक्षात आल्यापासून साधारण अर्ध्या तासाच्या आत ती कळवायची, असा नियमच स्वतःला घालून घ्यावा. तोवर सगळी उत्तरे हाती आली नसली तरी चालते.

कळवताना चार गोष्टी सांगाव्यात: काय घडले, त्याचा परिणाम कशावर होणार, तुम्ही काय करत आहात आणि समोरच्याकडून तुम्हाला काय हवे आहे. उदाहरणार्थ: ‘मॅडम, चार वाजताच्या अहवालातील एका विभागाचे आकडे मागच्या तिमाहीचे असल्याचे आत्ता लक्षात आले. बाकीच्या विभागांचे आकडे तपासलेले आहेत. संबंधित व्यक्ती रजेवर असल्यामुळे नवे आकडे मिळवण्यासाठी मी त्या विभागातील दुसऱ्या सहकाऱ्यांशी संपर्क साधतो आहे. दीड वाजेपर्यंत आकडे मिळतील की नाही, हे मी तुम्हाला निश्चित कळवतो. ते न मिळाल्यास त्या विभागाशिवाय अहवाल सादर करावा का, याबद्दल तुमचे मत हवे आहे.’

या संदेशात कोणावर ठपका नाही, लांबलचक माफी नाही आणि ‘थोड्या वेळात कळवतो’ असा मोघम वायदाही नाही. दीड वाजता कळवतो असे म्हटले की, दीड वाजता काहीच हाती लागले नसले तरी ‘अजून आकडे मिळालेले नाहीत’ असे कळवणे आलेच. तुमची बाजू मांडण्याची किंवा चूक कोणाची होती हे ठरवण्याची वेळ नंतर येईल. आणि संदेश वाचला गेला आहे की नाही याची खात्री नसेल, तर फोन करा किंवा प्रत्यक्ष जाऊन सांगा. तातडीची गोष्ट न वाचलेल्या ईमेलमध्ये पडून राहणे म्हणजे ती न कळवण्यासारखेच आहे.

चौथी पायरी: उद्दिष्ट नव्याने ठरवा

अपोलो १३ च्या स्फोटानंतर चंद्रावर उतरण्याचे मूळ उद्दिष्ट सोडून देण्यात आले आणि तीन अंतराळवीरांना जिवंत परत आणणे हे एकच उद्दिष्ट समोर ठेवण्यात आले. चंद्रावर उतरण्यासाठी बांधलेले छोटे यान त्यांनी आसऱ्यासाठी वापरले, वीज वाचवण्यासाठी मुख्य यानातील यंत्रणा बंद केल्या आणि हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषणारे चौकोनी डबे गोल जागेत बसत नव्हते, तेव्हा प्लास्टिकच्या पिशव्या, पुठ्ठा आणि चिकटपट्टी यांची जोडणी करून काम भागवले. १७ एप्रिल रोजी तिघेही सुखरूप परतले. मूळ योजना हातची गेल्याचे त्या सर्वांना दुःख नसेल असे मुळीच नाही. पण त्या दुःखाला त्यांनी पुढच्या कामाच्या आड येऊ दिले नाही.

कार्यालयीन कामात जिवावरचे प्रसंग क्वचितच येतात, तरी विचाराची दिशा हीच ठेवावी. या कामातून शेवटी कोणाला काय मिळायला हवे आहे, असा प्रश्न स्वतःला विचारा. अहवाल हे साधन आहे. तो वाचून बैठकीतील लोक काही निर्णय घेणार आहेत. त्या निर्णयासाठी सगळे आकडे लागणार आहेत की एकूण कल पुरेसा आहे, हे कळले तर काय वाचवायचे आणि काय सोडायचे हे ठरते. मग ‘या विभागाचे आकडे प्रतीक्षेत आहेत’ अशी स्पष्ट नोंद करून बाकीचा अहवाल वेळेवर सादर करणे हा पूर्णपणे सन्मान्य पर्याय ठरतो. उद्दिष्ट ठरले की संपूर्ण दिवसाची नवी योजना आखत बसू नका. पुढच्या तासाभरात करायचे एकच काम निवडा आणि त्याला लागा. हात कामात गुंतले की मनालाही धीर येतो, हा अनेकांचा अनुभव आहे.

सकारात्मक राहायचे म्हणजे काय करायचे

‘सगळे ठीक होईल’ असे स्वतःला पुन्हा पुन्हा सांगणे म्हणजे सकारात्मकता, असा समज सर्वत्र दिसतो. मला तो घातक वाटतो. गॅब्रिएल ओटिंगेन या मानसशास्त्रज्ञ अनेक वर्षे याच विषयावर संशोधन करत आल्या आहेत आणि त्यांच्या अभ्यासांतून असे दिसते की, यशाच्या सुखद कल्पनेत रमणाऱ्याची प्रत्यक्ष प्रयत्न करण्याची ऊर्जा कमी होते. जे हवे आहे त्याचे चित्र डोळ्यांसमोर आणून लगेच वाटेतला अडथळाही स्पष्टपणे पाहणे, ही त्यांनी सुचवलेली पद्धत अधिक उपयोगाची आहे. कारण अडथळा दिसला की त्यावरचा उपायही मन शोधू लागते.

यातले माझ्या हातात काय आहे, हा प्रश्नही तितकाच मोलाचा आहे. सुमारे १९०० वर्षांपूर्वी होऊन गेलेल्या एपिक्टेटस या ग्रीक तत्त्ववेत्त्याच्या शिकवणुकीचा प्रारंभच मुळी आपल्या हातातल्या आणि हाताबाहेरच्या गोष्टी वेगळ्या करण्यापासून होतो. सहकाऱ्याची रजा, बैठकीची वेळ, वरिष्ठांची मनःस्थिती या गोष्टी तुमच्या हातात नाहीत. कोणाला फोन करायचा, काय आणि कोणत्या शब्दांत सांगायचे, कोणत्या पानापासून सुरुवात करायची, हे तुमच्या हातात आहे. लक्ष तिथे वळवा.

चार वाजता सादरीकरणाला उभे राहताना धडधड पुन्हा सुरू झाली, तर ‘शांत हो’ असे स्वतःला बजावण्यापेक्षा ‘मी उत्सुक आहे’ असे म्हणून पाहा. ॲलिसन वुड ब्रूक्स यांच्या २०१४ सालच्या प्रयोगांत असे म्हणणाऱ्यांचे भाषण शांत राहण्याचा प्रयत्न करणाऱ्यांपेक्षा सरस ठरले होते. धडधड दोन्ही अवस्थांत सारखीच असते; ती थांबवण्यापेक्षा तिच्याकडे वेगळ्या दृष्टीने पाहणे सोपे जाते.

पाचवी पायरी: दिवस संपताना

बैठक कशीही पार पडली तरी, घरी जाण्यापूर्वी उरलेली कामे लिहून काढा आणि प्रत्येकापुढे ते कधी व कसे करणार, हे नोंदवा. अपुरे काम मनात टोचत राहते. त्यासाठी निश्चित योजना आखली की ते टोचणे बरेच कमी होते, असे मॅसिकॅम्पो आणि बाउमाइस्टर यांच्या २०११ सालच्या संशोधनात आढळले आहे. मदत करणाऱ्यांचे त्याच दिवशी आभार माना. चुकीबद्दलची चर्चा मात्र त्या संध्याकाळी उकरू नका. सगळे थकलेले असतात आणि थकलेल्या माणसांच्या चर्चेचा वाद व्हायला वेळ लागत नाही.

ती चर्चा दोन-चार दिवसांत जरूर करावी, निदान स्वतःशी तरी. काय व्हायचे ठरले होते, प्रत्यक्षात काय झाले, फरक का पडला आणि पुढच्या वेळी काय वेगळे करायचे, या चार प्रश्नांची उत्तरे लिहा. ‘मी निष्काळजी आहे’ हे उत्तर लिहू नका, कारण त्यातून पुढे करण्याजोगे काहीच निघत नाही. ‘फाइल आल्यावर तिच्यावरची तारीख मी तपासली नाही, कारण तशी तपासणी कोणत्याच यादीत नव्हती’ हे उत्तर उपयोगाचे आहे. त्यातून यादीत एक ओळ वाढते.

सहावी पायरी: पुढची योजना आखताना

योजना बिघडण्याचे एक कारण ती आखतानाच तिच्यात शिरलेले असते. आपण लागणाऱ्या वेळेचा अंदाज नेहमी कमी करतो. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस यांनी प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना अंदाज विचारला, तेव्हा तो सरासरी ३४ दिवसांच्या आसपास निघाला. वाईटात वाईट परिस्थिती धरून विचारले असता विद्यार्थ्यांनी सरासरी ४९ दिवसांच्या आसपास अंदाज दिला. प्रत्यक्षात सरासरी ५५ दिवसांहून अधिक लागले. म्हणजे संकटे गृहीत धरून केलेला अंदाजसुद्धा तोकडा पडला. यावर खात्रीचा उपाय एकच: मनाने अंदाज करण्याऐवजी, मागच्या वेळी असेच काम करायला किती वेळ लागला होता, ते नोंदींतून पाहा आणि त्यावर थोडी मोकळी जागा ठेवा. अहवाल चार वाजता द्यायचा असेल, तर तुमच्या वेळापत्रकात तो आदल्या संध्याकाळीच पुरा झालेला असावा.

काम सुरू करण्यापूर्वी दहा मिनिटे काढून, हे काम सपशेल फसले आहे असे धरून चाला आणि का फसले असेल याची कारणे लिहा. गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञांनी ही पद्धत रूढ केली. ‘काही अडचण येईल का’ असे विचारले की आपण ‘बहुतेक नाही’ म्हणून मोकळे होतो. फसले असे धरले की कारणे भराभर सुचतात. त्यांतल्या दोन-तीन संभाव्य कारणांसाठी ‘असे झाले तर मी असे करीन’ या साच्यातील वाक्ये तयार ठेवा: बुधवारी दुपारपर्यंत आकडे आले नाहीत, तर मी विभागप्रमुखांना फोन करीन. पीटर गोलविट्झर यांच्या संशोधनानुसार, अशा रीतीने प्रसंग आणि कृती यांची आधीच सांगड घातली, तर नुसत्या निर्धारापेक्षा ती कृती घडण्याची शक्यता बरीच वाढते.

एवढे सगळे करूनही दर आठवड्याला योजना कोलमडत असतील, रात्री झोप लागत नसेल किंवा सकाळी कामावर जाण्याच्या विचारानेच पोटात गोळा येत असेल, तर श्वासाचे आणि कागदाचे उपाय तिथे पुरे पडणार नाहीत. कामाचा बोजाच जास्त असण्याची किंवा जबाबदाऱ्या स्पष्ट नसण्याची शक्यता अशा वेळी मोठी असते. गेल्या काही आठवड्यांत कोणत्या योजना कशामुळे बदलल्या, त्याची नोंद घेऊन वरिष्ठांकडे वेळ मागा आणि कोणती कामे आधी करायची व कोणती मागे टाकायची, हे त्यांच्याकडूनच ठरवून घ्या. शरीरावर किंवा झोपेवर परिणाम होऊ लागला असेल, तर डॉक्टरांना किंवा समुपदेशकांना भेटायलाही उशीर करू नका.